काळवीट मारण्याचा परवाना मागण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हरभरा चार पानांवर आला की कर्नाटकातल्या बीदर, भालकी, औराद, आळंदकडच्या काळ्या रानांत पहाटेच हरणांचे कळप उतरतात आणि गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर दरवर्षीची मागणी पुन्हा निघते: सरकारने शेतकऱ्याला काळवीट मारण्याचा परवाना द्यावा. सोबत अमेरिकेचा दाखला असतोच. तिथे म्हणे सरकार स्वतः पैसे घेऊन हरणांच्या शिकारीचे परवाने देते, तेही लोकांच्या खासगी रानातले. मागणीमागचा संताप खरा आहे. दोन एकर हरभऱ्याची दुबार पेरणी करावी लागली की बियाणे, मजुरी आणि गेलेली ओल यांचा फटका तोच शेतकरी सोसतो. पण अमेरिकेत खासगी रानातली शिकार ठरते कशी, हे टपरीवर कोणी पुरते सांगत नाही. म्हणून ते आधी सांगतो.

वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न नावाचा प्राणी आहे. शास्त्राच्या हिशेबाने त्याचे कूळ आपल्या काळविटापेक्षा वेगळे, पण राहणी तशीच: उघडा माळ, कळपाची सवय, लांबवर पोचणारी नजर आणि संकट दिसताच दौड. तिथल्या वन्यजीव खात्याने राज्याचे क्रमांक दिलेले शिकार-विभाग पाडले आहेत. कळपांच्या पाहणीवरून दरवर्षी विभागवार परवान्यांची संख्या ठरते आणि बहुतेक परवाने सोडतीने मिळतात. परवाना त्या एकाच विभागात चालतो, आणि नर-मादी कोणतेही की फक्त मादी व पिल्लू, हेही त्यावर लिहिलेले असते. २०२२-२३ चा हिवाळा कडक गेला, कळप मेले, तर पुढच्या हंगामात परवाने हजारोंनी कमी केले गेले. म्हणजे आधी मोजणी, मग बंदूक.

ज्या विभागात बहुतेक जमीन खासगी आहे, तिथे खाते अर्जदाराला आधीच बजावते की आत शिरायला जागा मिळणे अवघड आहे, ती सोय बघा आणि मगच अर्ज करा. म्हणून तिथला शिकारी उलट्या बाजूने आखणी करतो. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, पण तो उन्हाळ्यातच जमिनीच्या मालकांची नावे दाखवणारा नकाशा घेऊन बसतो, मालकांना फोन करतो, जमल्यास जाऊन भेटतो. किती माणसे येणार, कोणते दोन दिवस, गाडी कुठवर आणायची, कोणत्या फाटकाने आत यायचे, गुरे कोणत्या कुरणात आहेत, मारलेले जनावर कुठे सोलायचे, हे सगळे आधी ठरते. फाटक उघडे सापडले तर उघडे ठेवायचे, बंद सापडले तर बंद करायचे, एवढा साधा नियम मोडला तरी पुढच्या वर्षी त्या मालकाचे दार बंद. कित्येक मालक प्रवेशाचे वेगळे पैसे घेतात. शिवाय परवान्याला एक कूपन जोडलेले असते. ज्याच्या रानात जनावर पडले त्या मालकाला शिकारी ते देतो आणि मालकाने ते खात्याकडे पाठवले की खाते त्याला ठरलेली रक्कम देते. रक्कम मोठी नसते. पण सरकारचे जनावर तुमच्या रानात चरून मोठे झाले, याची नोंद त्या कागदावर राहते.

मालकाच्या संमतीला तिथे किती वजन आहे ते आणखी एका गोष्टीवरून कळते. रेल्वे घालताना दिलेल्या जमिनींमुळे तिकडे बराच मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा झाला आहे, एक चौकोन सरकारी तर शेजारचा खासगी. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात कोपऱ्यावरून पाऊल टाकले तर खासगी जमिनीवरच्या हवेत अतिक्रमण झाले का, यावर वर्षानुवर्षे खटला चालला. २०२५ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने पाऊल टाकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, पण एका पावलासाठीही कोर्टापर्यंत जावे लागले.

आता आपल्याकडचा कायदा. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि बागलकोटकडच्या खडकाळ माळांवर दिसणारा चिंकाराही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, ती दोनच कारणांसाठी: तो माणसाच्या जिवावर उठला असेल, किंवा बरा होणार नाही इतका जखमी वा आजारी असेल. पीक खाल्ले हे कारण तिथे बसतच नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्याच्या बाबतीत पिकाचे कारण चालते, आणि टपरीवरच्या चर्चेत घोळ होतो तो इथे. डुकराचा नियम हरणाला लावला जातो. शिक्षा कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. कायद्याच्या लेखी फास लावणे, विष घालणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. पीक संरक्षणासाठी मिळालेला ठासणीच्या बंदुकीचा परवाना खिशात असला तरी त्याने काळविटावर गोळी झाडण्याचा हक्क मिळत नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे.

हा कायदा बदलावा, असे आमचे म्हणणे नाही. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडत, तेव्हा या पट्ट्यात माळच माळ होते आणि कळपांना तोटा नव्हता. आज माळ फुटला, पाण्याच्या सोयीने ऊस आला आणि उरलेले कळप दोन ओढ्यांमधल्या खासगी पडीवर, म्हणजे पडीक जमिनीवर, जगतात. हे जनावर टिकले पाहिजे. पण टिकवण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने उचलायचा, हे न्यायाचे नाही. वायोमिंगकडून घ्यायचे तर तिथली मोजणी घ्यावी, मालकाला विचारण्याची रीत घ्यावी आणि मालकाला पैसे देण्याची सोय घ्यावी. या तिन्ही गोष्टींसाठी आपल्या कायद्यात एक शब्दही बदलावा लागत नाही.

मोजणीचे आधी. काळविटाची मोजणी खासगी रानात करायची तर वेळ महत्त्वाची. तूर उभी असताना मोजायला गेलात तर निम्मा कळप दिसणारच नाही. तूर, शाळू, करडई निघाल्यावर, म्हणजे मार्चच्या सुमारास, रान मोकळे होते आणि एक किलोमीटरवरचा काळा नरही डोळ्यांना टिपता येतो. सूर्योदयापासून साधारण नऊपर्यंत कळप चरतात, नंतर बसतात आणि बसलेली हरणे ढेकळांत मिसळून जातात. म्हणून नऊनंतरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. दोन-दोन किलोमीटरचे पायवाटेचे मार्ग आधी आखावेत, प्रत्येक मार्गावर दोन माणसे, एकाकडे दुर्बीण, एकाकडे वही. वहीत वेळ, सर्वे नंबर, काळे नर, तपकिरी नर, माद्या, पिल्ले आणि कळप कोणत्या दिशेने गेला, हे लिहायचे. दिशा आणि वेळ लिहिली नाही की एकच कळप तीन गावांच्या वहीत चढतो. सगळे मार्ग एकाच सकाळी चालायचे आणि लागोपाठ तीन सकाळी तेच करायचे. सीमेवरच्या तालुक्यांत तर कर्नाटकचे आणि महाराष्ट्राचे पथक एकाच दिवशी बाहेर पडले पाहिजे. सकाळी औरादच्या रानात असलेला कळप दुपारी देगलूरच्या रानात असू शकतो, त्याला सीमाप्रश्न माहीत नाही.

आणि पथक रानात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारायला हवे. हे सौजन्य म्हणून सांगत नाही, त्यामागे जुनी भीती आहे. सोलापूरकडे नान्नजच्या माळढोक अभयारण्याची १९७९ मध्ये घोषणा झाली तेव्हा सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र कागदावर त्यात गेले. त्यात गावे, शेते, शहरी वस्त्याही होत्या. खरेदी-विक्री, बांधकाम, सगळ्याला वर्षानुवर्षे अडचण आली आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. सीमेपलीकडच्या सोयऱ्यांनी हे भोगलेले आपल्या लोकांना माहीत आहे. म्हणून अनोळखी माणूस दुर्बीण घेऊन बांधावर उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, 'आमचं रान अभयारण्यात घालताय काय?' ग्रामसभेत आधी लेखी सांगावे की मोजणीने जमिनीच्या हक्काला धक्का लागत नाही. सर्वे नंबर आणि मालकांच्या फोनची यादी करावी. पेरलेल्या रानातून मोटारसायकल नेऊ नये. हे केले नाही तर शेतकरी कळप हुसकावून लावेल आणि आकडा खोटा येईल.

आता पिकाकडे. नुकसान काळविटाचेच आहे हे पंचनाम्यात पटवता आले नाही की अर्ज तिथेच संपतो. काळविटाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे तो रोप ओढून तोडतो आणि तुटलेले टोक फाटके, दोऱ्या सुटलेले दिसते. सशाने खाल्लेला दांडा कोयतीने तिरपा कापल्यासारखा स्वच्छ असतो. डुक्कर खाते कमी, उकरते आणि लोळते जास्त, त्याच्या रानात ढेकळे उलटलेली सापडतात. काळविटाचा खूर अरुंद, पुढे टोकदार, दोन पाकळ्यांचा उमटतो. सगळ्यात बिनतोड पुरावा म्हणजे लेंड्यांचा ढीग. मुलूख धरून बसलेला नर रोज एकाच ठिकाणी लेंड्या टाकतो. चांगला हातभर रुंद ढीग होतो, वरच्या लेंड्या ओल्या-काळ्या आणि खालच्या वाळून पांढुरक्या पडलेल्या. त्याचा फोटो, शेजारी खुरपे ठेवून, पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. पाऊस पडला की खूर जातात, ढीग टिकतो.

किती नुकसान झाले हे पिकाच्या जातीवरही आहे, आणि इथे अधिकारी व शेतकरी दोघांचीही गल्लत होते. सोयाबीन, मूग, उडीद यांची डाळिंबी, म्हणजे बियाची दोन दले, उगवताना जमिनीच्या वर येते. काळविटाने ती डाळिंबी खुडली तर खाली डोळा राहतच नाही, ते रोप गेले. अशा रानात आठवडाभर वाट बघण्यात अर्थ नाही, ओल आहे तोवर मोडून पेरावे. हरभरा आणि तुरीची डाळिंबी जमिनीतच राहते, त्यामुळे वरचा कोंब खाल्ला तरी खालच्या डोळ्यातून दुसरा फुटतो. ज्वारीचाही पहिल्या महिनाभरात वाढीचा शेंडा जमिनीत किंवा जमिनीलगत असतो, वरची पाने गेली तरी ती सावरते. हरभऱ्याचे शेंडे तर आपण स्वतःच भाजीला खुडतो आणि त्याने फांद्या वाढतात. म्हणून फुलोऱ्याआधी एकदा चरून गेलेल्या हरभऱ्याला शंभर टक्के नुकसान म्हणणे टिकत नाही. तेच रान फुलोऱ्यात किंवा घाटे धरताना चरले, किंवा रोज तुडवले गेले, तर मात्र ते भरून येत नाही. अर्जात पिकाची अवस्था आणि पेरणीची तारीख लिहा. पेरून किती दिवस झाले ते कळले की नुकसानीचा अंदाज बांधता येतो.

यातून पेरणीची आखणी निघते. माळाला किंवा गावठी पडीला लागून असलेल्या तुकड्यात मूग-सोयाबीन घालू नये. तिथे तूर किंवा ज्वारी घ्यावी आणि नाजूक पीक वस्तीच्या, वाटेच्या बाजूला आणावे. रब्बीत हरभऱ्याच्या कडेने करडईच्या चार-पाच ओळी घालण्याची जुनी रीत चांगली आहे. फक्त लक्षात ठेवावे की करडई कोवळी असताना काटा धरत नाही, तिची तर भाजी होते. हरभऱ्यासोबतच करडई पेरली तर पहिला महिना ती राखण करत नाही, उलट हरणे तीच आधी खातात. जमेल तिथे कडेची करडई पंधरा दिवस आधी पेरावी आणि पहिला महिना दुसरी राखण ठेवावी.

काळवीट नजरेवर जगतो, म्हणून समोरचे दिसत नाही अशा उंच, दाट पिकात शिरायला तो बिचकतो. तुरीचा सहा-आठ ओळींचा दाट पट्टा माळाच्या बाजूला उभा असला तर आतल्या पिकाला आडोसा होतो. पण त्याच पट्ट्यात दिवसा डुक्कर दडते. ज्या गावात ओढ्याकाठी डुकरांचा त्रास आहे तिथे हा उपाय करू नये. बांधाला जुन्या साड्या गुंडाळण्याचा उपायही नजर अडवण्याचाच. तो चालतो, पण साडी जमिनीपासून वीतभर वर राहिली तर हरीण खालून सरकते. हे जनावर चार-पाच फूट उडी सहज घेते, तरीही वाट मिळाली तर खालून जाणे पसंत करते. तिकडच्या प्राँगहॉर्नचीही तीच खोड आहे, तो तर तारेवरून उडी मारतच नाही म्हणा, म्हणून तिथले लोक कुंपणाची सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि दीड फुटावर ठेवतात. त्यांना जनावर जाऊ द्यायचे असते, आपल्याला अडवायचे असते, एवढाच फरक.

अडवायचे तर झटका मशीन. तिच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण निम्म्या शेतकऱ्यांची तक्रार असते की मशीन घेतली आणि आठ दिवसांत निकामी झाली. मशीन बहुधा ठीकच असते, खोट अर्थिंगमध्ये असते. काळी जमीन वाळली की भेगा पडतात आणि अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो. दोन फुटांचा एक रॉड ठोकून भागत नाही. गॅल्व्हनाइजचे किमान तीन रॉड, पाच-सहा फूट खोल, एकमेकांपासून तीन मीटरवर, जमल्यास विहिरीजवळच्या किंवा पाटाच्या ओलसर जागी ठोकावेत, एकाच तारेने जोडावेत आणि उन्हाळ्यात आठवड्याला घागरभर पाणी घालावे. जमीन फारच कोरडी असेल तर तारा एकाआड एक करंट आणि अर्थिंगच्या ठेवाव्यात, म्हणजे जनावर दोन्हींना एकदम टेकले की झटका पुरा बसतो. खालची तार जमिनीपासून एक फुटावर, पुढच्या तारा फूटभर अंतराने, पाच फुटांपर्यंत. खालच्या तारेला गवत टेकले की करंट गवतातून जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी तारेखालचे गवत काढावे. तारेचे जोड नुसते पिळून ठेवले तर गंजतात, जोडाला क्लॅम्प लावावा. टेस्टर कुंपणाच्या टोकाशी धरावा, मशीनपाशी नाही, आणि चार हजार व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर दोष शोधावा. नवे कुंपण लावल्यावर पहिले चार दिवस मशीन एक मिनिटही बंद ठेवू नये. पहिल्या धडकेत झटका बसला तर कळप ती तार ओळखतो, पहिल्या धडकेत तार मेलेली असली तर तो ती ओलांडायला शिकतो.

मशीनचा झटका सेकंदाला एकदा आणि क्षणभराचा असतो, म्हणून त्याने मरण येत नाही. घरची २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडली की माणूस, बैल, हरीण, कोणीही मरते. ती वीजचोरी आहे, वन्यजीव कायद्याने शिकार आहे आणि माणूस दगावला तर मनुष्यवध. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्या तारेत सापडतो, हे आपल्या भागात अनेकदा झाले आहे. तसेच बांधाला फोरेट या विषारी कीटकनाशकाच्या पुड्या टांगणे थांबवावे. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, आणि त्याच्या वासाने हरणापेक्षा राखण करणारा माणूस आधी आजारी पडतो. नायलॉनची जाळी स्वस्त पडते, पण नराची पिळदार शिंगे तिच्यात गुंततात आणि तो धडपडून मरतो. मेला की पंचनामा तुमच्या रानात.

फटाके, डबे, कार्बाइडची बंदूक यांचा असर तीन-चार दिवस. आवाजाची जागा आणि वेळ रोज बदलली तर थोडा जास्त. माळ्यावर (मचाणावर) माणूस आणि हातात गोफण, हा उपाय अजूनही सगळ्यांत खात्रीचा आहे, फक्त पहाटे साडेचार ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात हे दोन फेरे चुकवायचे नाहीत. चार शेजाऱ्यांनी पाळी लावली तर एकाला चौथ्या दिवशी जागावे लागते. कुत्रे सोडू नये. शाळूच्या काढणीत गवतात एकटे निपचित पडलेले पिल्लू दिसले तर ते अनाथ नाही, आईने लपवून ठेवलेले आहे. त्याला घरी आणून दूध पाजू नये, ते जगत नाही आणि बाळगणे गुन्हा आहे. मेलेले काळवीट रानात सापडले तर हलवू नये, शिंगाला हात लावू नये. ते सरकारची मालमत्ता ठरते. बांधावरून फोटो काढून वनरक्षकाला कळवावे. उघड्या विहिरीला कंबरेइतका कठडा बांधला तर पळता कळप आत पडत नाही आणि आपली पोरेही वाचतात. पावसाळ्याआधी गुरांना घटसर्पाची लस टोचून घ्यावी, कारण माळावर गुरे आणि हरणे एकाच डबक्याचे पाणी पितात. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात तीसच्या वर काळवीट याच रोगाने गेले.

भरपाईचे. कर्नाटकात वन खात्याची भरपाई ई-परिहार या ऑनलाइन पद्धतीने नोंदली जाते. अर्ज परिक्षेत्र वनाधिकाऱ्याच्या कार्यालयात, ज्याला कन्नडमध्ये 'वलय अरण्याधिकारी' म्हणतात. काळविटाला 'कृष्णमृग' लिहावे. नुसते 'जिंके' लिहिले तर कोणतेही हरीण होते, आणि गावबोलीतले 'चिगरी' कार्यालयात चालत नाही. पीक नुकसान म्हणजे 'बेळे हानी'. सोबत पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा), आधार, बँकेचे पासबुक, तारीख आणि ठिकाण उमटलेले फोटो. अर्ज अडतात ते बहुतेक तीन जागी. पहाणीवर अजून मयत वडिलांचे नाव असते, म्हणून वारसा नोंद आधी करून घ्यावी. पीक पाहणीच्या ॲपमध्ये तूर चढलेली असते आणि रानात हरभरा असतो, म्हणून ती नोंद पेरणीनंतर लगेच तपासावी. आणि पंचनाम्याआधी रान मोडून पुन्हा पेरले जाते. मूग-सोयाबीनला थांबता येत नाही हे वर लिहिलेच आहे, तेव्हा निदान चार कोपऱ्यांत एक-एक गुंठा तसाच ठेवावा, बाकी पेरावे. सीमेपलीकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी लक्षात ठेवावे, महाराष्ट्रात तक्रार तीन दिवसांच्या आत करावी लागते. बटईने करणाऱ्याला मात्र दोन्हीकडे काहीच मिळत नाही, कारण उताऱ्यावर त्याचे नाव नसते. बी त्याचे, राखण त्याची आणि भरपाई मालकाच्या खात्यात, हा प्रकार थांबला पाहिजे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान स्थानिक जोखीम म्हणून धरले जाईल. शेतकऱ्याने ७२ तासांत विम्याच्या ॲपवर ठिकाणासह फोटो टाकायचे. पण कोणते प्राणी आणि कोणते भाग त्यात येतील ते राज्य सरकारने अधिसूचित करायचे आहे. कर्नाटकच्या यादीत हत्ती आणि रानडुक्कर येतील, त्यांची ओरड मोठी आहे. काळवीट आणि बीदर, गुलबर्गा, विजापूर, बेळगावच्या पूर्वेकडचे कोरडवाहू तालुके राहून जाण्याचा धोका आहे, कारण इथल्या नुकसानीची नोंदच फार थोडी आहे. म्हणून आमची विनंती सगळ्यांना आहे: नुकसान थोडे असले, भरपाईची आशा नसली, तरी अर्ज करून पोच घ्या. पोचपावत्या नसतील तर यादी बनवणाऱ्यापुढे आपले तालुके रिकामे दिसतील.

आणि सरकारकडे मागणी अशी. दोन्ही राज्यांच्या वन खात्यांनी येत्या मार्चमध्ये एकाच तारखांना, मालकांना विचारून, गाववार मोजणी करावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. ज्या मालकाच्या पडीत किंवा गवताळ तुकड्यात कळप कायम राहतो, त्याने ते रान न फोडता गवत राखले तर त्याला दर एकरी दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी. वायोमिंगच्या कूपनात हाच विचार आहे, फक्त आपल्याकडे तो मेलेल्या जनावराऐवजी जिवंत कळपावर बसवायचा. एकदा माळ नांगरला की तो कळप शेजारच्या हरभऱ्यात उतरणार, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. ज्या गावांत मराठी भाषक मोठ्या संख्येने आहेत तिथे अर्जाचा नमुना आणि पंचनाम्याची प्रत मराठीतही मिळावी, म्हणजे आपण कशाखाली अंगठा उठवतो ते म्हाताऱ्या माणसाला वाचून घेता येईल. विम्याची यादी मृगाच्या पेरणीआधी निघायला हवी. नंतर निघाली तर खरिपाचे मूग-सोयाबीन, म्हणजे खाल्ल्यावर पुन्हा न फुटणारे पीक, त्या वर्षी विम्याबाहेरच राहील.

कळावे.

आपले नम्र,
बेळगाव, विजापूर व बीदर जिल्ह्यांतील काही कोरडवाहू शेतकरी